पेण-रोह्यातील सेल आणि त्याची पारख

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहे तालुक्यांतल्या अनेक गावांत टॉर्चचा सेल पोचला तो विजेच्या तारेआधी. खारेपाटात भातशेती समुद्राला अडवणाऱ्या बांधांवर उभी आहे. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली तर खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होते. म्हणून बांधावर आणि उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, रात्रीची फेरी चुकत नसे. पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढू लागले की माणसे रात्री पाण्यात उतरत, शेताच्या बांधांवर मुठे (खेकडे) शोधत. डोंगरावरच्या वाड्यांतून पहाटेच्या एसटीसाठी खाली येणाऱ्यांनाही पायाखालची वाट दिसावी लागे. या सगळ्या कामांना वारापावसात न विझणारा, एका हातात मावणारा उजेड हवा होता. चूड पावसात विझे, कंदिलाची काच तडके, आणि गॅसबत्ती लग्नकार्याला ठीक असली तरी चिखलातून धावताना निरुपयोगी होती.

वीज मात्र याच जिल्ह्यात तयार होत होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये, भिवपुरीचे 1922 मध्ये आणि भिऱ्याचे 1927 मध्ये सुरू झाले. भिऱ्याला पाणी येते ते मुळशीच्या धरणाचे, ज्याच्या विरोधात 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. जनित्रे फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत उतरते आणि कोलाड, रोहे करत रेवदंड्याला समुद्राला मिळते. वीज मात्र उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि रेल्वेकडे गेली. तेव्हा कुलाबा नाव असलेल्या या जिल्ह्यातल्या बहुतेक खेड्यांना ती पाहायला मिळाली 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाल्यानंतर, तीही टप्प्याटप्प्याने. डोक्यावरून उच्चदाबाची तार आणि खाली घरात चिमणी, अशी कित्येक दशके या भागाने काढली. सेलचा इथला इतिहास या अन्यायाशी बांधलेला आहे. तार घरात आली असती तर सेलवर एवढा भार पडलाच नसता.

कोरड्या सेलचे मूळ फ्रान्समधले. जॉर्ज लक्लांशे याने 1866 मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा सेल तयार केला. तो काचेच्या बरणीत असे आणि कलंडला तर सांडे. जर्मनीत कार्ल गॅसनर याने 1886 मध्ये ते द्रावण घट्ट लगद्यात मुरवले आणि जस्ताचाच डबा केला. तोच डबा ऋण टोक, मधोमध कार्बनची कांडी हे धन टोक, दोहोंमध्ये काळा मसाला आणि दाब दीड व्होल्ट. ही रचना आजही कायम आहे. 1899 मध्ये अमेरिकेत हातातल्या टॉर्चचे पेटंट निघाले. सुरुवातीचे सेल इतके अशक्त होते की दिवा सतत लावून ठेवता येत नसे. बटण दाबून क्षणभर पाहायचे आणि सोडायचे.

भारतात एव्हरेडीचे सेल 1905 पासून आयात होऊ लागले. 1934 मध्ये कंपनीची इथे नोंदणी झाली आणि 1939 मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला. याच कंपनीचे नाव 1959 मध्ये युनियन कार्बाइड इंडिया झाले. घरोघरी ओळखीचा झालेला सेल विकणारी कंपनी आणि 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये हजारोंचा जीव घेणारी कंपनी एकच होती. तो सेल वापरणाऱ्या पिढीपैकी फार थोड्यांनी हे दोन धागे जोडून पाहिले. सेलचा धंदा 1990 च्या दशकात वेगळ्या मालकीत गेला आणि एव्हरेडी हे नाव पुन्हा कंपनीचे नाव झाले. स्पर्धेतही मोठी नावे होती: मुंबईत धारावीला कारखाना असलेली इस्ट्रेला, अलाहाबादची जीप, वडोदऱ्याची नोव्हिनो, नेल्लोरची निप्पो.

गावच्या दुकानात सेल निवडण्याची एक रीत यातूनच तयार झाली. गिऱ्हाईक आधी छाप बघे, मग वरचे आवरण. कागदी आवरणाचा सेल स्वस्त असे, पत्र्याचा महाग. पण पत्र्याचा सेल गळून टॉर्च खराब करण्याची शक्यता कमी. त्यानंतर तळ आणि कडा निरखायच्या: पांढरी बुरशी धरली असेल, किंवा बूड फुगले असेल, तर सेल परत. शेवटी दुकानदार टॉर्चच्या बल्बवर सेल लावून दाखवे. दोन सेलच्या टॉर्चसाठी अडीच व्होल्टचा बल्ब असे आणि तो आकडा त्याच्या पितळी कड्यावर कोरलेला असे. तीन सेलच्या टॉर्चला हा बल्ब बसवला तर तो क्षणात उडे, हेही लोक अनुभवाने शिकले. दाब आणि भार यांचा मेळ घालण्याचा हा धडा कुठल्याही शाळेत न जाता मिळाला होता.

सेल उतरला तरी तो लगेच फेकत नसत. तो उन्हात ठेवत, चुलीच्या उबेला ठेवत, दाताने चावून डबा जरा दाबत आणि पुन्हा चालवत. याला अंधश्रद्धा म्हणणे चूक आहे. ऊब मिळाली की सेलमधली रासायनिक क्रिया वेग घेते; विश्रांतीत कार्बनच्या कांडीभोवती साचलेली अडथळ्याची द्रव्ये पांगतात; दाबल्याने सुटलेला मसाला पुन्हा कांडीला टेकतो. थोडा वेळ जास्त उजेड खरोखरच मिळे. नव्या सेलबरोबर जुना जोडण्याची काटकसरही सर्रास होती. तिने फायदा कमी आणि नुकसान जास्त होई, कारण नवा सेल संपलेल्या जुन्यातूनही वीज ढकलत राहतो, जुन्याची टोके उलटी होतात आणि तो गळू लागतो. पण नुकसान म्हणजे फार तर गंजलेली स्प्रिंग. कोरड्या सेलच्या पोटातच विजेच्या प्रवाहाला मोठा विरोध असतो. त्याची दोन टोके तारेने थेट जोडली तरी काही अँपिअरच प्रवाह वाहतो, सेल गरम होतो आणि मरतो. हा सेल चुका पोटात घालणारा होता, आणि चार पिढ्यांच्या सवयी त्याच्यावर बसल्या. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात असणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

ट्रान्झिस्टर आल्यावर सेलचा खप वाढला. बातम्या, शेतीचे कार्यक्रम, नाट्यसंगीत आणि क्रिकेटची धावती वर्णने ऐकण्यासाठी एका रेडिओला दोन ते चार मोठे सेल लागत. आवाज बारीक झाला की ते काढून टॉर्चमध्ये घालत, आणि टॉर्चही मंदावला की मुलांच्या हाती देत. मुले ते फोडून आतली काळी कांडी काढत आणि भिंती, फरशा रंगवत. पुढे भिंतीवरच्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये पेन्सिल सेल आला. अल्कलाइन सेल अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला होता. तो जास्त टिके, पण इथल्या दुकानांत तो कॅमेऱ्यापुरताच राहिला, कारण घड्याळाला साधा सेलही वर्षभर पुरतो.

दुसरी परंपरा शिसे आणि आम्लाच्या बॅटरीची. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने 1859 मध्ये ती तयार केली आणि मोटारींबरोबर ती जगभर गेली. पेणच्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय आणि आगार आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या या वस्तीला बॅटरी हा रोजच्या कामाचा विषय आहे. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बससारख्या जड गाडीला साधारणपणे 24 व्होल्ट लागतात, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. अशा बॅटरीची पारख छापावरून होत नाही, मोजून होते. प्रत्येक खणात काचेची नळी बुडवून आम्लाची घनता पाहतात: सुमारे 1.26 ते 1.28 म्हणजे भरलेली, 1.15 च्या खाली म्हणजे उतरलेली. खण कोरडा पडला तर डिस्टिल्ड पाणीच घालायचे, विहिरीचे नाही. दोन बॅटऱ्या शक्यतो एकाच वेळी बदलायच्या, कारण एक नवी आणि एक जुनी ठेवली तर जुनी नवीलाही ओढून नेते. चार्जिंग सुरू असताना हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी पेटवायची नाही. गॅरेजमधला कामगार हे नियम शिकूनच मिस्त्री होतो. याच जिल्ह्यात तळोज्याला बॅटरीचा मोठा कारखाना आहे. तो स्टँडर्ड बॅटरीजचा होता आणि 1998 मध्ये एक्साइडकडे आला.

घरगुती सेल आणि गाडीची बॅटरी अशा दोन वेगळ्या विद्या या भागात शेजारी शेजारी नांदल्या. पहिली नजरेची आणि भरवशाची, दुसरी मोजमापाची. 2000 नंतरच्या भारनियमनाने त्यांना एकत्र आणले. पेण, हमरापूर, जोहे या भागांत गणेशमूर्तींच्या कारखान्यांचे रंगकाम सणाच्या तोंडावर रात्री चालते आणि वीज जाणे त्यांना परवडत नाही. घराघरांत इन्व्हर्टर आले, तर हातातल्या टॉर्चमध्ये पांढरा एलईडी आणि चार व्होल्टची छोटी बंद शिसे-बॅटरी. भिंतीत खोचून चार्ज करायची ही टॉर्च पाहता पाहता सर्वत्र दिसू लागली. सेल विकत घेण्याचा खर्च वाचला, पण ती महिनाभर उतरलेली पडली की आतले शिसे निकामी होई, आणि आतली बॅटरी बदलता येते हे बहुतेकांना कोणी सांगितलेच नाही.

मग लिथियम आले. 1970 च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्झॉन कंपनीत लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. तिला आगी लागत. 1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धन टोक शोधले, 1985 मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम टाळणारी सुरक्षित रचना केली आणि 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना 2019 चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. या सेलचा सर्वांत पसरलेला गोल प्रकार 18650: व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65 मिलिमीटर. लॅपटॉप, पॉवरबँक, टॉर्च, विजेच्या सायकली या सगळ्यांत तो गेला. दाब साधारण 3.6 किंवा 3.7 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. दिसायला तो थोराड पेन्सिल सेलसारखाच, आणि गफलत इथेच झाली.

कोरड्या सेलच्या पोटातला विरोध याच्यात जवळपास नाही. दोन टोके एखाद्या नाण्याने किंवा किल्लीने जोडली गेली तर क्षणात शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो. आतला द्रव ज्वलनशील असतो. एका मर्यादेपलीकडे तापमान गेले की क्रिया स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि सेल आगीचा झोत सोडतो. वरचे प्लास्टिकचे पातळ वेष्टनही नुसते नावापुरते नसते. सेलचा सगळा डबा ऋण टोक आहे, धन टोकाला तो भिडू नये म्हणून वर एक कागदी कडे आणि भोवती ते वेष्टन. ते फाटले की धोका उघडा पडतो.

तंबाखू ओढण्याची साधने या इतिहासात शेवटी येतात. शेतावरचा विडी ओढणारा माणूस पूर्वी चकमक, गारगोटी आणि कापूस कनवटीला ठेवी. मग आगपेटी आली, मग लायटर. विजेवर तापणाऱ्या सिगारेटचे, म्हणजे ई-सिगारेटचे, पेटंट अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1965 मध्ये मिळवले होते, पण तेव्हा तिला पुरेल असा छोटा आणि जोरकस सेल नव्हता. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी 2003 मध्ये ती पुन्हा घडवली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीला आली. लिथियमशिवाय ही वस्तू शक्य नव्हती. निकोटीन मिसळलेले द्रव वेटोळ्याच्या तारेवर तापवायचे तर काही सेकंद भरपूर प्रवाह लागतो. पुढे परदेशांत मोठी, सेल बदलता येणारी यंत्रे निघाली, लोक स्वतः तार गुंडाळू लागले आणि नवशिक्याला सेल निवडावा लागू लागला.

ती निवड साध्या हिशेबावर चालते. सेलचा दाब भागिले तारेचा विरोध म्हणजे प्रवाह. तार 0.5 ओहमची असेल तर भरलेल्या सेलमधून 8.4 अँपिअर वाहतात; 0.2 ओहमची असेल तर 21. सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो हा आकडा त्याहून मोठा असायला हवा. बाजारात मात्र मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे साठवणीचा, आकडा ठळक छापतात. साठवण आणि जोर सहसा उलट दिशेने जातात: जास्त साठवणारा सेल कमी प्रवाह देतो. या आकाराच्या चांगल्या सेलची साठवण साधारण 3,500 च्या आसपास संपते. वेष्टनावर 9,900 लिहिलेले असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि ज्याने तो छापला त्याने आत काय भरले आहे यावरही विश्वास ठेवता येत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवे वेष्टन चढवून विकण्याचा धंदाही यातच फोफावला. दोन सेलच्या यंत्रात एकाच वेळी घेतलेली, एकत्रच वापरलेली आणि एकत्रच चार्ज केलेली जोडी लागते. रामवाडीच्या गॅरेजमध्ये दोन बॅटऱ्यांबाबत पाळला जाणारा नियम तोच. टॉर्चच्या सवयीने चालणाऱ्याला तो माहीत नसतो.

चुकांची किंमत आकड्यांत नोंदलेली आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2009 ते 2016 या काळात ई-सिगारेटच्या आग-स्फोटाच्या 195 घटना मोजल्या; त्यांत 133 जण जखमी झाले. बऱ्याच घटनांत यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता. सुटे सेल नाण्यांबरोबर खिशात टाकणे ही जुनीच सवय होती, सेल मात्र नवा होता.

भारताने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. 18 सप्टेंबर 2019 रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला: ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वटहुकुमानंतर तीनच आठवड्यांनी लिथियम बॅटरीच्या तिघा जनकांचा नोबेल जाहीर झाला. बंदीचा मुख्य हेतू कोवळ्या वयातले निकोटीनचे व्यसन रोखणे हा होता आणि तो रास्तच आहे. चोरून येणाऱ्या मालाच्या सेलला मात्र कोणतीही तपासणी लागू होत नाही, त्यामुळे तो वापरणारा व्यसनाबरोबर आगीची जोखीमही पत्करतो.

ई-सिगारेट गेली तरी तिच्यातला सेल जिल्ह्यात सगळीकडे आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगडच्या अनेक गावांत वीज दिवसेंदिवस, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे नव्हती. त्या काळात मोबाईल, पॉवरबँक आणि चार्जिंगच्या टॉर्चवर माणसे निभावली. रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेच्या मार्गावर पावसाळ्यात रात्री गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातला उजेडही त्याच्या जिवाशी आणि गाडीतल्या प्रवाशांशी बांधलेला असतो. म्हणून लिथियम सेल घेणाऱ्याने भारतीय मानक आयएस 16046 ची नोंदणी आहे का ते पाहावे, चार्जर त्याच सेलसाठीचा आहे का ते पाहावे, सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावा, आणि फुगलेला, ठेचलेला, वेष्टन फाटलेला सेल पुन्हा चार्जला लावू नये. उन्हात ठेवणे, दाताने दाबणे, नव्याबरोबर जुना जोडणे या तिन्ही युक्त्या इथे सोडून द्याव्यात.

मेलेल्या सेलचे काय करायचे याचाही नियम आता झाला आहे. पूर्वी 2001 चे नियम केवळ शिसे-बॅटरीला लागू होते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत, आणि वापरलेली बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. घरातल्या मोठ्यांनी जुने लिथियम सेल कचऱ्यात, चुलीत किंवा खाडीत टाकू नयेत, टोकांना चिकटपट्टी लावून ते संकलन केंद्रात द्यावेत, आणि काळी कांडी काढण्यासाठी मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.